दारू मोजायचं माप कुठलं घ्यावं? (प्यायची नव्हे, रायफलची)

ओहायोचा_बाळू
नमस्कार मंडळी. शीर्षक वाचून पेगमेजर सुचवायला आलेल्यांनी कृपया पुढे सरकावं, तो विनोद बायकोने घरी तीनदा करून झालाय आणि सासूबाईंनी फोनवर एकदा.

तर माझ्याकडे ३०८ विंचेस्टर काडतुसाची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे, एप्रिल ते ऑक्टोबर क्लबात ६०० यार्डांच्या पालथं पडून मारायच्या मॅचेस असतात तिथे जातो. महिन्याला ८०-१०० राउंड लागतात. गेली दोन वर्षं एका मित्राच्या गॅरेजमध्ये त्याच्याच बाकावर, त्याच्या नजरेखाली रीलोडिंग, म्हणजे वाजलेल्या काडतुसाच्या रिकाम्या केसमध्ये नवी दारू आणि बुलेट भरणं, शिकलो, आता तो बदली होऊन दुसऱ्या स्टेटमध्ये गेला आणि मी पोरका झालो. माझं स्वतःचं म्हणजे सिंगल स्टेज प्रेस, डाय सेट, जुना बीम स्केल (दांडीचा तराजू), ट्रिकलर (दाणा दाणा दारू टाकायची नळी), कशात किती दारू भरायची ते सांगणारी दोन मॅन्युअल एवढं जमलंय. पावडर म्हणजे दारू व्हारगेट नावाची, तीच मित्राकडे वापरायचो आणि रायफलला ती मानवलीये.

आत्ता मी चमच्याने पावडर पॅनमध्ये टाकतो, मग काटा मधोमध येईपर्यंत ट्रिकलर फिरवत बसतो. ५० केसेसना अडीच तास. पोरगी मध्येच येऊन "बाबा, हे जिरं आहे का" विचारते, की मी मोजलेलं विसरतो आणि परत पहिल्यापासून. आता पावडर मेजर घ्यायचं ठरवलंय, दोनशे डॉलरच्या आतबाहेर. लीचं ते प्लास्टिकचं, आरसीबीएसचं युनिफ्लो, रेडिंगचं ३बीआर, असे तीन डोक्यात आहेत. दुकानातला माणूस म्हणतो हे सगळं जुनं झालं, सरळ इलेक्ट्रॉनिक डिस्पेन्सर घ्या, बटण दाबा आणि कॉफी प्या. मित्र म्हणतो रेडिंगशिवाय बघू नकोस. मला काहीच कळेना झालंय. कुणी वापरलंय का यातलं?

पायलीभर
बाळू, मी टेक्सासात तीस वर्षं हेच करतोय, तेव्हा जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की कर, पावडर मेजर वजन करत नाही, ते आकारमान मोजतं. आमच्या आजीचं मापटं होतं ना तांदळाचं, तेच हे. मापट्यात तांदूळ भरून वरून हात फिरवला की सपाट माप, पण आजीने जरा ठोकून भरलं की त्याच मापट्यात मूठभर जास्त बसायचे, आणि गड्याने सैल भरलं की कमी. तांदूळ तेच, मापटं तेच, माप वेगळं. आत्ता मेजरमध्ये मापट्याच्या जागी ड्रमला असलेली पोकळी असते, हँडल वर केलं की हॉपरमधून, म्हणजे वरच्या भांड्यातून, पावडर तिच्यात पडते, खाली केलं की केसमध्ये. म्हणजे तुझा हात दर वेळी सारखा चालला तरच माप सारखं. वर नेताना एक टक, खाली आणताना एक टक, तोच जोर तोच वेग. मी तर मनात आकडे मोजतो. घाईत असलो, किंवा टीव्हीवर काउबॉइजची फुटबॉल मॅच लावून ठेवली असली, की लगेच माप बिघडतं, खोटं नाही सांगत.

दुसरी गोष्ट, मेजर निवडायच्या आधी पावडर बघ. व्हारगेट ही काडीवाली आहे, एक्स्ट्रुडेड. तुटलेल्या शेवयांसारखी. बॉल पावडर म्हणजे एच३३५, सीएफई २२३, विंचेस्टर ७४८ या खसखशीसारख्या, कुठल्याही मापातून पाण्यासारख्या पडतात आणि बरं मेजर असेल तर दहा वेळा टाकलं तरी ०.१ ग्रेनच्या (दारू याच वजनात मोजतात) आत राहतात. शेवया तशा नाहीत. ड्रम फिरताना कडेला एखादी काडी अडकते आणि कचकन कापली जाते, हाताला कळतं ते, खडा चावल्यासारखं. तेव्हा माप ०.२-०.३ ने इकडे तिकडे होणारच, मग मेजर सोन्याचं असो. व्हारगेट त्यातल्या त्यात मध्यम, आयएमआर ४०६४ टाकून बघ एकदा, ती तर सरपणच आहे.

म्हणून माझी पद्धत सांगतो. मेजरने मुद्दाम थोडं कमी टाकायचं, समजा पाव-अर्धा ग्रेन कमी, पॅन तराजूवर ठेवायचं आणि उरलेलं ट्रिकलरने. तुझे अडीच तास तासाभरावर येतील. आणि या पद्धतीत मेजर ०.३ ने चुकलं काय नि ०.१ ने चुकलं काय, शेवटचा शब्द तराजूचाच. मग दोनशे डॉलर मेजरवर कशाला घालवतोस? लीचं घे, सगळ्यात स्वस्त, त्यात ड्रमच्या तोंडाशी रबरासारखा मऊ वायपर आहे त्यामुळे काड्या कापल्या जायच्याऐवजी बाजूला सरकतात, शेवयांना उलट तेच बरं पडतं. दिसायला खेळण्यासारखं आहे, ते सोड.

डेन्व्हरची_वैदर्भी
पायलीभर काका, तुमचं सगळं मान्य पण महिन्याला १०० राउंडवाल्या माणसाला इलेक्ट्रॉनिकच सांगते मी. आमच्याकडे ६.५ क्रीडमूरची रायफल, नवरा एल्कच्या शिकारीला जातो आणि लोडिंग मात्र मी करते कारण त्याला धीर नाही. चार्जमास्टर आहे आमच्याकडे. आकडा टाकला की मोटर गुरगुरत पावडर टाकते, शेवटी दाणा दाणा टिपकत टिपकत थांबते, बीप. तोवर मी आधीच्या केसमध्ये बुलेट बसवून मोकळी. दोन कामं एकदम चालतात म्हणून वेळ वाचतो, मशीन स्वतः काही फार फास्ट नाही. पोर झोपलेलं असताना ती गुरगुर सहन होते पण बीप नाही, आवाज कमी करायची सोय आहे का ते घेतानाच बघा.

पण डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही यावर हे मी अनुभवाने सांगते. मागच्या उन्हाळ्यात बेसमेंटमध्ये बसले होते, वरून एसीची हवा बरोबर पॅनवर येत होती आणि माझ्या लक्षातच नाही. चाळीस केसेस भरून झाल्यावर रिकामं पॅन ठेवलं तर शून्याऐवजी उणे ०.४. आता कुठल्या केसपासून सरकलं कोणाला माहीत. चाळीसच्या चाळीस केसेसमधल्या बुलेट उपटून पावडर परत ओतली, एक एक वजन केली. रात्रीचे साडेबारा. तेव्हापासून मशीन अर्धा तास आधी चालू करून ठेवते, वारा बंद, दर दहा केसेसनंतर चेक वेट, म्हणजे नेमकं माहीत असलेलं वजन, ठेवून बघायचं. चेक वेटचा सेट आधी घ्या, बाकीचं नंतर.

गणित_कच्चं
मी थोडं वेगळं बोलतो. सगळे ०.१ ग्रेन ०.१ ग्रेन करताय, त्याचं लक्ष्यावर काय होतं ते कुणी बघितलं का?

३०८ मध्ये एक ग्रेन पावडर कमीजास्त केली की वेग साधारण ५०-६० फूट प्रति सेकंद बदलतो. म्हणजे ०.३ ग्रेनची चूक म्हणजे १५-१८ फूट. १७५ ग्रेनची बुलेट २६०० च्या आसपास निघते, ६०० यार्डांवर एवढ्या फरकाने गोळी वर-खाली जाते साधारण दीड इंच. ६०० यार्डांच्या नेहमीच्या टार्गेटवर दहाची रिंग १२ इंचांची आणि आतली एक्सची ६ इंचांची. बाळूशेठ, तुमचा श्वास आणि तुमचा वारा ओळखण्याचा अंदाज दीड इंचाच्या आत आहे का? माझा तरी नाही. ताशी दोन-तीन मैलांनी वारा चुकीचा वाचला की नऊमध्ये जातोय मी, तिथे पावडरचे दाणे मोजत बसायचं म्हणजे लग्नात अक्षता मोजण्यासारखं आहे. १००० यार्डांवर जाल तेव्हा गोष्ट निराळी, तिथे वेगातला फरक खरंच उभा पसरतो.

पायलीभर
गणित कच्चं नाही हो तुमचं :) पण एक भर घालतो. चूक सरासरीची नसते, एखाद्या केसची असते. ९९ केसेस ०.१ मध्ये आणि एखादीच केस दोन ग्रेनने कमी, असं होतं आणि तो एकच मॅच घालवतो. त्याचं कारण मेजर वाईट हे नसतं, काड्या मेजरच्या खालच्या ट्यूबमध्ये आडव्या अडकतात. माझ्याच बाबतीत झालंय. फार वर्षांपूर्वी, मेजर कुठलं ते जाऊ दे, त्याची चूक नव्हतीच, मी लांब काडीची पावडर अरुंद ड्रॉप ट्यूबमधून टाकत होतो. हँडल खाली केलं, पुढची केस लावली, परत हँडल, आणि पावडर केसच्या गळ्यातून बाहेर सांडली. मला वाटलं माप जास्त झालं. सांडलेली झटकून पुढे जाणार इतक्यात मागची केस बघितली तर ती अर्धी. अर्धी राहिलेली या केसमध्ये येऊन पडली होती. तेव्हापासून ५० केसेस लोडिंग ब्लॉकमध्ये, म्हणजे भोकांच्या ठोकळ्यात, उभ्या ठेवायच्या आणि बुलेट बसवायच्या आधी टॉर्च मारून सगळ्यांच्या पातळ्या एका नजरेत बघायच्या, हा नेम चुकवत नाही. भरलेल्या विहिरीत डोकावल्यासारखं दिसतं, एक कमी असली की लगेच डोळ्यात येते.

रायफलमध्ये एक बरं असतं, तुझ्या ३०८ ची केस व्हारगेटने इतकी भरते की दुप्पट चार्ज, म्हणजे दुप्पट पावडर, मावतच नाही, बाहेर सांडतो. पिस्तुलवाल्यांना ते भाग्य नाही. रायफलमध्ये घात होतो तो चुकीचा डबा उघडल्याने. म्हणून बाकावर एका वेळी एकच डबा. काम संपलं की हॉपर रिकामा, पावडर आपल्या मूळ डब्यात. रात्रभर हॉपरमध्ये ठेवलीस तर सकाळी आत कुठली होती हे आठवेल असं वाटतं तुला, आठवत नाही. शिवाय काही पावडरी हॉपरचं प्लास्टिक पिवळं करून टाकतात, आणि उजेडाने पावडरचंही भलं होत नाही.

सोनारगल्ली
मध्येच तोंड घालतो. मी नेमबाज नाही, आजोबा सराफ होते, हा ग्रेन ग्रेन वाचून कान टवकारले. १ तोळा म्हणजे १८० ग्रेन, इंग्रजांनी तोळा तसाच बांधला होता. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज साधारण पावणेदोन ते दोन ग्रेनची, १.८७५ नेमकं. तुम्ही ज्या ०.१ वर भांडताय तो गुंजेचा जवळजवळ एकोणिसावा भाग झाला. आजोबा अर्ध्या गुंजेला गिऱ्हाइकाशी वाद घालायचे. तुमच्यापुढे ते उदार म्हणायचे.

एक मात्र सांगतो, त्यांच्या तराजूला काचेची पेटी होती आणि बोलताना ते तोंडावर हात धरायचे. दुकानात पंखा असून वजन करताना कधी लावला नाही. वैदर्भीताईंच्या एसीवरून आठवलं.

ओहायोचा_बाळू
अरे वा, झोपून उठलो तर एवढं. सगळ्यांचे आभार, सोनारगल्ली तुमचं वाचून बायको म्हणाली बघ, तुझ्यापेक्षा सराफ बरा, निदान शेवटी दागिना तरी मिळतो.

काका, मग मी पावडरच बदलू का? बॉल पावडर घेतली तर सरळ मेजरमधून केसमध्ये, तराजूचा प्रश्नच मिटला. आणि मित्राच्या रेडिंगबद्दल कुणीच बोललं नाही, तो रोज विचारतोय.

पायलीभर
मापासाठी पावडर बदलायची म्हणजे चपलेसाठी पाय कापायचा. व्हारगेट रायफलला मानवलीये म्हणतोस ना, मग तिला हात लावू नकोस. व्हारगेटचा मोठा गुण म्हणजे ऊन-थंडीत वेग फारसा हलत नाही. तुमच्याकडे एप्रिलमध्ये बोटं गोठतात आणि जुलैत घाम डोळ्यात जातो, त्यात जुन्या पद्धतीच्या बऱ्याच बॉल पावडरी उन्हात चढतात. तराजूवरचे पाच सेकंद वाचवायला जाशील आणि एलिव्हेशन, म्हणजे गोळी लागायची उंची, हरवून बसशील. आणि कुठलीही पावडर बदलली की मॅन्युअल उघडून खालच्या चार्जपासून परत सुरुवात, मधूनच उडी नाही, एवढं तुझ्या मित्राने शिकवलंच असेल.

काडीवालीच पण मापातून छान पडणारी हवी असेल तर आयएमआर ८२०८ एक्सबीआर, बारीक कापलेली आहे, बॉलसारखी वाहते. पण आत्ता नको, डबा संपू दे.

रेडिंग ३बीआर उत्तम आहे यात वादच नाही. त्याला मायक्रोमीटर आहे, म्हणजे आज ज्या आकड्यावर व्हारगेट टाकलीस तो वहीत लिहून ठेवलास की पुढच्या महिन्यात त्याच आकड्यावर फिरवून सुरुवात करता येते. तरी पहिले पाच-दहा थ्रो (हँडल एकदा फिरवून पडलेलं माप) हॉपरमध्ये परत ओतायचे आणि मग वजन, कारण पावडरचा लॉट बदलला की तोच आकडा वेगळं वजन देतो. युनिफ्लो ओतीव लोखंडी, जड, नातवापर्यंत टिकेल असं. साध्या युनिफ्लोला स्क्रू आणि लॉकनट येतो, मायक्रोमीटर वेगळा घ्यावा लागतो. रायफलला मोठा सिलिंडर घे, छोटा पिस्तुलासाठी. दोन्ही चांगले. पण तुझ्या पद्धतीला, टाकायचं आणि ट्रिकल करायचं, त्याला लीपेक्षा तिप्पट पैसे द्यावेत असं मला वाटत नाही. उरलेल्या पैशात चेक वेट घे, आणि हॉपरला बॅफल घाल. बॅफल म्हणजे हॉपरच्या आत बसणारा पत्र्याचा छोटा अडसर, वरच्या पावडरीचा भार खालच्या मापावर येऊ देत नाही. हॉपर भरलेला असताना आणि तळ दिसायला लागल्यावर माप वेगळं पडतं ते त्याने बरंच कमी होतं. नसेल तर हॉपर निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नकोस.

गणित_कच्चं
बेंचरेस्टवाले, म्हणजे बाकावर रायफल टेकवून मारणारे, मात्र वजन करतच नाहीत हं. १०० आणि २०० यार्डांच्या मॅचला रेंजवरच टेबल टाकून ६ पीपीसी काडतुसाच्या केसेसमध्ये एन१३३ पावडर सरळ मेजरमधून टाकतात, हॅरल्सचं क्लिकवालं मेजर घेऊन, आणि पाच गोळ्या एका भोकातून काढतात. एन१३३ पण काडीवालीच. हात बसला की काय होतं बघा. पण त्यांच्यातला एक म्हातारा मला म्हणाला होता की हात बसायला त्याची दहा वर्षं गेली.

कात्रजकर
पुण्याहून. मस्त धागा. इथे घरी असं काही करता येतं का? चुलतभाऊ ५० मीटर रायफलला जातो, त्याला काडतुसं महाग पडतात.

डेन्व्हरची_वैदर्भी
कात्रजकर, भावाला याचा काही उपयोग नाही. ५० मीटरची रायफल .२२ रिमफायर असते, तिचा प्रायमरचा, म्हणजे ठिणगी पाडणारा, मसाला केसच्या कडेतच भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर आपटते, एकदा वाजली की केस कचऱ्यात. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं ते याच ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, तिथेही विकतचीच काडतुसं. ते लोक वेगवेगळे लॉट आपल्या रायफलीतून मारून बघतात आणि जो बसेल त्याच लॉटचे डबे घेतात, त्यांचं रीलोडिंग म्हणजे हेच.

आणि भारतात काडतुसं घरी बनवायची म्हणजे शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ आहे, परवान्याशिवाय गुन्हा. नादाला लागू नका. इथे अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायला लागलात की लागतो. आणि एच१बी वगैरे व्हिसावर असाल तर बंदूक काय, काडतूसही बाळगायला बंदी आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडून. हे इथल्या कितीतरी मराठी पोरांना माहीतच नसतं, मित्राबरोबर रेंजवर जातात खुशाल. आधी वकिलाला विचारा.

ओहायोचा_बाळू
माझं ग्रीन कार्ड होऊन चार वर्षं झाली ताई, काळजी नको.

बरं, ठरलं. ली घेतलं, काल आलं. चेक वेटपण. आज संध्याकाळी बसलो. पहिल्यांदा लावल्यावर हँडल जरा जड चालत होतं, म्हणून दहा-पंधरा थ्रो नुसतेच टाकून परत ओतले, मग सैल झालं. पावडरचं ग्रॅफाइट चढलं असावं ड्रमला, हात काळे झाले. वीस थ्रो वजन करून वहीत लिहिले, त्यातले चौदा ०.१ मध्ये, पाच ०.२, एक ०.४ कमी. तो ०.४ वाला थ्रो चालू असताना पोरीने दार आपटलं होतं हे मी शपथेवर सांगतो. ट्रिकल करून ५० केसेस, एक तास दहा मिनिटं. टॉर्च मारून बघितल्या, सगळ्या एका पातळीत. खूप भारी वाटलं.

फक्त एक, प्रेसचं हँडल ओढलं की सगळं टेबल हलतं आणि मेजरमधली पावडर बसत जाते. मेजर त्याच टेबलाला क्लॅम्प केलंय. टेबल सपाट पॅकिंगवालं आहे, स्वतः जोडलेलं, जोडून झाल्यावर दोन स्क्रू उरले होते.

पायलीभर
ते दोन स्क्रू आधी शोध.

मग टेबल भिंतीला बोल्ट कर, ड्रायवॉलला नको, आतल्या लाकडी स्टडला. आणि मेजर त्या टेबलावरून काढच, वेगळ्या स्टँडवर किंवा भिंतीतल्या फळीवर लाव. प्रेस आणि माप एका बाकावर म्हणजे जात्यावर दळता दळता मापट्याने मोजण्यासारखं आहे. बीम स्केलही तिसरीकडे, खिडकीपासून लांब, डोळ्याच्या पातळीला. खाली वाकून काटा बघितलास की ०.१ तिथेच चुकतो. आणि दाराला कडी लाव.

ओहायोचा_बाळू
एक स्क्रू सापडला. दुसरा पोरीच्या खेळण्यातल्या चहाच्या कपात होता, म्हणाली तो साखरेचा खडा आहे. शनिवारी स्टड फाइंडर आणतो.